पुलाचा अंदाज आणि पुलाचा हिशेब

धान्याच्या वखारीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी नदीवरील पुलाच्या बांधकामाविषयी लिहावे, हे कित्येक वाचक बंधूंस चमत्कारिक वाटेल. आम्ही स्थापत्यविशारद नाही, आणि आमचे शिक्षणही मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. परंतु पूल जरी दगड, पोलाद आणि सिमेंट यांचा होत असला, तरी त्याचा खर्च आपल्या रोजकीर्दीत उतरतात तशाच आकड्यांचा झालेला असतो. आकडे वाचण्याची थोडीशी सवय आम्हांस आहे. आपल्या संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे सामाईक वखार बांधण्याचा प्रस्ताव येत आहे. अशा वेळी मोठमोठ्या शहरांनी पूल बांधताना कोठे ठेच खाल्ली व कोठे तोल सावरला, हे समजून घेणे आपल्या कामी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

सार्वजनिक बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणजे दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, ‘कोणीतरी पैसे खाल्ले.’ दुसरा म्हणतो, ‘काम मोठे आहे, खर्च वाढावयाचाच.’ आमच्या मते हे दोन्ही उद्गार आळसाचे आहेत. दोघेही हिशेब उघडून पाहण्याचे श्रम टाळतात.

वाढ एक, कारणे तीन

आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. समजा, शंभर क्विंटल गहू वखारीत उतरला आणि चार महिन्यांनी विक्रीच्या वेळी तो सत्त्याण्णव क्विंटल भरला. तीन क्विंटलांची ही तूट कशाने आली? एक क्विंटल ओल वाळल्याने गेली असेल. ती ओल खरेदीच्या दिवशी आपण पुरती पारखली नव्हती. दुसरा क्विंटल गिऱ्हाइकाच्या मागणीवरून माल पुन्हा चाळला तेव्हा काडीकचऱ्यात गेला असेल. तो आपल्या संमतीने गेला आणि त्याचा मोबदला भावात मिळाला. तिसरा क्विंटल उंदरांनी अथवा माणसांनी नेला असेल. तिघांचे वजन सारखेच आहे. पण पहिल्यास खरेदीच्या वेळची पारख हवी, दुसऱ्यास लेखी संमती हवी आणि तिसऱ्यास कुलूप व तराजू हवा. जो मुनीम हे तिन्ही क्विंटल ‘घट’ या एकाच खाती लिहितो, तो मालकास पुढील वर्षीही तेवढ्याच तुटीत ठेवतो.

बांधकामाच्या वाढीचेही हेच तीन वर्ग पडतात. पहिली अज्ञानाची वाढ, म्हणजे काम हाती घेताना जे कळले नव्हते त्याचा खर्च. दुसरी बदलाची वाढ, म्हणजे मागाहून जे नव्याने मागितले त्याचा खर्च. तिसरी गळतीची वाढ, म्हणजे चोरी, लबाडी व निष्काळजीपणा यांचा खर्च. हे तिन्ही वर्ग ज्या एका पुलाच्या इतिहासात स्पष्ट दिसतात, तो अमेरिकेतील ब्रुकलिनचा पूल होय.

ब्रुकलिनचा पूल

आज ब्रुकलिन हा न्यूयॉर्कचाच भाग आहे. परंतु १८९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होते आणि दोहोंमध्ये ईस्ट रिव्हर आडवी होती. ये-जा नावांवर चाले. कडक हिवाळ्यात नदीत बर्फ साचले की ती बंद पडे. १८६७ साली पुलासाठी कंपनी स्थापन झाली व जॉन रोबलिंग या नामांकित स्थापत्यविशारदाची नेमणूक झाली. त्यांचा अंदाज होता की सुमारे ७० लक्ष डॉलर लागतील व पाच वर्षांत काम होईल. प्रत्यक्षात २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला तेव्हा खर्च सुमारे दीड कोटी डॉलरांवर गेला होता, आणि जानेवारी १८७० मध्ये सुरू झालेल्या कामास तेरा वर्षे लोटली होती. खुद्द रोबलिंग यांना पुलाची पहिली वीटही पाहावयास मिळाली नाही. १८६९ साली पुलाच्या जागेची पाहणी करताना नावेच्या धडकेत त्यांचा पाय चिरडला, धनुर्वात झाला व त्यातच ते निवर्तले. पुढील सर्व भार त्यांचे चिरंजीव वॉशिंग्टन रोबलिंग यांच्यावर आला.

खर्च दुपटीवर गेला, एवढेच ऐकून आपण निकाल देऊ लागलो तर तो अन्याय होईल. ही वाढ फोडून पाहिली पाहिजे.

अज्ञानाची वाढ

पुलाचे दोन प्रचंड मनोरे नदीच्या तळाखाली भक्कम थरावर उभे करावयाचे होते. त्यासाठी लाकडाच्या अजस्र पेट्या पालथ्या घालून नदीत उतरविल्या, आत दाबाने हवा भरली आणि त्या हवेत मजूर माती-दगड खणू लागले. ब्रुकलिनच्या बाजूस मोठमोठे धोंडे लागले आणि पेटी आठवड्याला काही इंचच खाली सरके. शेवटी सुरुंग लावावे लागले. १८७० च्या डिसेंबरात पेटीच्या लाकडी छतास आतून आग लागली व ती विझविण्यासाठी पेटी पाण्याने भरावी लागली. धोंडे किती व केवढे आहेत, हे अंदाजपत्रक लिहिताना कोणासही दिसत नव्हते. या वाढीत लबाडी नव्हती. जमिनीच्या पोटातील गोष्ट पैशांच्या रूपाने वर आली, इतकेच.

न्यूयॉर्कच्या बाजूस याहून कठीण प्रसंग आला. तेथे खडक फारच खोल होता. दाबाच्या हवेतून वर येणाऱ्या मजुरांस एका विलक्षण व्याधीने पछाडले. सांधे दुखत, अंग लुळे पडे, काही दगावले. १८७२ च्या मे महिन्यात पेटी ७८ फुटांवर पोहोचली असता वॉशिंग्टन रोबलिंग यांनी खणणे थांबविले. तेथील घट्ट वाळूचा थर अनंत काळापासून हललेला नाही, तो मनोऱ्याचा भार सोशील, असा त्यांनी निर्वाळा दिला. खडकापर्यंत जाण्याचा हट्ट धरला असता तर पैसा आणि माणसे यांचा आणखी किती बळी पडला असता, याची कल्पनाच करावी. मनोरा आजही त्याच वाळूवर उभा आहे. कोठे थांबावे हा निर्णयदेखील खर्चाची व्यवस्थाच होय; परंतु तो घेण्याचा अधिकार जो रोज खाली उतरून थर पाहतो त्याचा, कचेरीत बसून रक्कम कापणाऱ्याचा नव्हे. रोबलिंग यांना स्वतःलाही ती व्याधी जडली. पुढील अनेक वर्षे ते घराच्या खिडकीतून काम पाहत, आणि त्यांच्या पत्नी एमिली त्यांचे निरोप घेऊन पुलावर जात.

बदलाची वाढ

काम सुरू होण्याच्या सुमारास सरकारी लष्करी अभियंत्यांनी फर्माविले की उंच डोलकाठ्यांची जहाजे खालून निर्वेध जावीत म्हणून पूल पाच फूट उंच करावा. पाच फूट ऐकावयास थोडे वाटतात. परंतु पूल वर उचलला की त्याबरोबर दोन्ही तीरांवरील चढण, कमानी व चिरेबंदी यांचाही हिशेब बदलतो. पुढे १८८१ साली, पुलावरून अवजड रेल्वेगाड्या जाऊ शकाव्यात म्हणून पोलादाचे वजन वाढविण्यात आले. हे बदल अयोग्य होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु जुन्या अंदाजाशी नव्या पुलाचा खर्च ताडून पाहणे हे, बाजरीच्या भावाने गव्हाची पट्टी करण्यासारखे आहे. बदल मागणाऱ्याने त्याच दिवशी त्याची किंमत व मुदत मान्य करावी, हा न्याय आहे. तसे झाले नाही की वर्षांनी सगळा दोष बांधणाऱ्याच्या माथी बसतो.

गळतीची वाढ

आता तिसरा वर्ग. कंपनीने आरंभी आपल्या मुख्य अधीक्षकास बांधकामावर जो खर्च होईल त्याच्या शेकडा १५ प्रमाणे मोबदला देण्याचा ठराव केला होता. ओरड झाल्यावर हा ठराव पुढे बदलावा लागला. दलालीचे मर्म आपण जाणतो. विक्रीवर दलाली असेल तर दलाल विक्री वाढवितो; खर्चावर दलाली ठेवली तर तो काय वाढवील, हे सांगावयास नको. त्या गृहस्थाच्या मनात पाप होते की नव्हते हा प्रश्न येथे गौण आहे. ज्या करारात एकाचे नुकसान हाच दुसऱ्याचा नफा, तो करारच सदोष होय.

याहून बोधप्रद कथा तारांची आहे. पुलाचा भार पोलादी तारांच्या चार जाड दोरांवर आहे. तार पुरविण्याचा ठेका हेग नावाच्या कारखानदारास मिळाला होता. पुलाचे परीक्षक कारखान्यात जाऊन तारेची वेटोळी ताणून पाहत, उत्तम ठरलेल्या मालास दाखला देत व नापास माल बाजूस ठेवीत. तरीही १८७८ साली उघडकीस आले की दाखला मिळालेला माल कारखान्यातून निघाल्यावर वाटेत बदलला जात होता. चांगली वेटोळी परत जात व पुन्हा परीक्षेस उभी राहत. नापास वेटोळी दाखल्यासह पुलावर पोहोचत. लबाडी कळेपर्यंत बराचसा नापास माल दोरांत गुंफला गेला होता आणि तो आता काढता येण्याजोगा नव्हता.

आमच्या धान्यबाजारातील जुन्या व्यापाऱ्यांस ही युक्ती नवीन वाटणार नाही. वानगी एका पोत्याची दाखवावी आणि गाडीत दुसरीच पोती भरावीत, हा प्रकार तराजूइतकाच जुना आहे. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापांत कमी-अधिक करणे, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे अस्सलाच्या जागी नकली वा भेसळीचा माल खपविणे, यांची स्पष्ट गणना केली आहे. घर फोडणे आणि वानगी फिरविणे या दोहोंस त्यांनी चोरीच्याच सदरात धरले, यात मोठे व्यवहारज्ञान आहे. कारण घरफोडीने एका घराचे नुकसान होते. पण पुलाच्या दोरात गेलेली नापास तार त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जिवाशी खेळते.

असे असूनही पूल वाचला, तो कशामुळे? दोरांचे बळ प्रत्यक्ष भाराच्या सहापट असावे, अशी मूळ आखणी होती. नापास तार धरूनही ते बळ निदान पाचपट उरते, असा रोबलिंग यांनी हिशेब काढला, आणि शिवाय प्रत्येक दोरात सुमारे १५० तारा अधिक घालावयास लावल्या, त्याही ठेकेदाराच्या खर्चाने. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. पोलादाच्या बळात सहापटीची बेगमी होती, म्हणून लबाडीचा धक्का पूल सोसू शकला. पैशांच्या अंदाजात तेवढी बेगमी नव्हती. म्हणून धोंडे, बदल आणि गळती यांचा भार येताच तो अंदाज कोलमडला. जो नियम पोलादास लागू आहे तोच रकमेसही लागू आहे.

काळ हाही व्याज मागतो

या तिन्ही वाढींस फुगविणारी चौथी गोष्ट म्हणजे काळ. आपल्याजवळचे उदाहरण मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचे आहे. १९९९ साली त्याची पायाभरणी झाली. सुमारे ६६० कोटी रुपयांत व पाच वर्षांत काम होईल असे सांगितले जात होते. न्यायालयीन दावे, आराखड्यातील बदल व रेंगाळलेले काम यांमुळे तो ३० जून २००९ रोजी खुला झाला, तोही प्रथम निम्म्याच मार्गिकांनी. आणि खर्च सुमारे १,६०० कोटींवर गेला. आता साधे गणित करून पाहावे. १०० रुपयांच्या मालाचा भाव दरसाल शेकडा ८ ने चढत गेला तर दहाव्या वर्षाअखेर तो सुमारे २१६ रुपये होतो. सगळाच माल अखेरच्या वर्षी घ्यावयाचा नसतो हे खरे. तथापि नुसते थांबून राहण्याची किंमत केवढी असते, हे यावरून ध्यानात येईल. शिवाय शहरातील रस्ता अडला म्हणजे मालाच्या गाड्या दूरच्या वाटेने फिरतात, भाडे व हमाली वाढते आणि पेठेतील गिऱ्हाईक तुटते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. तो दुकानदारांच्या वह्यांत विखुरलेला असतो.

अंदाजात बसलेला पूल

मोठा पूल अंदाजात बसूच शकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पूल याचे उदाहरण आहे. १९२१ साली त्याचा एक प्राथमिक अंदाज सांगितला गेला होता. त्यानंतर आराखडा पालटला, तळाची पाहणी झाली, आणि मगच १९३० साली साडेतीन कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांस सहा जिल्ह्यांच्या मतदारांची संमती घेण्यात आली. १९३७ च्या मे महिन्यात पूल खुला झाला तेव्हा त्या रकमेतील सुमारे १३ लक्ष डॉलर शिल्लक होते. पहिला आकडा लहान होता. परंतु लोकांपुढे हात पसरला तो खरा आकडा हाती आल्यावर.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या पुलाखाली काम चालू असता मजुरांसाठी सुमारे १ लक्ष ३० हजार डॉलर खर्चून जाळे बांधले होते. त्या जाळ्याने १९ माणसांचे प्राण वाचविले. १९३७ च्या फेब्रुवारीत तुटलेल्या मचाणासह जाळेही फाटून दहा मजूर गेले, हेही खरे. तरीही काटकसर करावयाची म्हणून जाळे कापले असते तर शिल्लक थोडी अधिक दिसली असती. पण तिला काटकसर म्हणता आले नसते. जेथे जीवाची हिंसा टळते तेथे खर्ची पडलेला पैसा हा वाढीत धरूच नये.

आमच्याच खातीची एक नोंद

परदेशच्या व परशहराच्या चुका सांगून आपली झाकणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी समाजाच्या विद्यार्थी-वसतिगृहाचे बांधकाम झाले, त्या समितीत आम्ही होतो. आराखडा करणाऱ्यांनी ५५ लक्षांचा आकडा दिला होता. एवढी रक्कम ऐकून देणगीदार बिचकतील म्हणून पत्रकात ४० लक्ष छापावे, अशी सूचना आम्हीच केली. पुढे एका देणगीदाराच्या इच्छेवरून दर्शनी भाग बदलला, दुसऱ्याच्या आग्रहावरून सभागृह रुंद केले. हे सर्व तोंडी ठरले. अखेर ६२ लक्ष लागले. पैसे वेळेवर उभे न राहिल्याने वरचा मजला दोन वर्षे दारे-खिडक्यांवाचून पडून राहिला, आणि खेड्यांतून आलेली तेवढी मुले भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहून परीक्षेस बसली. सभेत सभासदांनी विचारले की ५५ वरचे सात लक्ष कशात गेले. त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही. कोणी चोरी केली नव्हती, असे आम्हांस वाटते. परंतु वाटणे म्हणजे हिशेब नव्हे. हे दूषण आम्ही दुसऱ्या कोणावर लादीत नाही. ते आमच्याच खाती मांडतो.

वखारीसाठी काही सूचना

या सर्वांवरून नव्या वखारीच्या कामी पुढील गोष्टी सभेने ठरावात घालाव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. जमिनीची पाहणी आधी, आकडा मागाहून. पाहणीचे पैसे वाचविणे म्हणजे न पारखता माल घेणे होय.

२. अंदाजाबरोबर राखीव रक्कम उघडपणे वेगळी लिहावी. ती मोडावयाची झाल्यास समितीचा ठराव असावा. लपविलेली राखीव रक्कम उधळली जाते. उघड राखलेली टिकते.

३. कोणताही बदल लेखी असल्यावाचून करू नये. त्याच कागदावर त्याची किंमत, लागणारे अधिक दिवस व मागणाऱ्याची सही असावी.

४. देखरेख करणाऱ्यास ठराविक रक्कम द्यावी. खर्चावर टक्केवारी देऊ नये.

५. सिमेंट, लोखंड, वाळू यांची पारख दुकानात नव्हे तर आपल्या जागेवर, उतरताना करावी, आणि पावती तेथेच लिहावी.

६. दरमहा हिशेब तीन रकान्यांत मांडावा: न कळलेल्याची वाढ, बदलाची वाढ, गळतीची वाढ. त्याखाली आणखी एक ओळ असावी. आजवर किती खर्च झाला एवढे पुरेसे नाही. काम पुरे होण्यास एकूण किती लागेल, हे लिहावे. १०० लक्षांपैकी ६० खर्च झाले आणि काम शंभरात ४५ च झाले असेल, तर त्याच चालीने अखेर सुमारे १३३ लक्ष लागतील, हे त्याच महिन्यात कळते. ते शेवटी कळले तर त्यावर उपाय उरत नाही.

७. रक्कम कमी पडल्यास शोभा कमी करावी. पाया, छप्पर व मजुरांची सुरक्षितता यांस हात लावू नये.

ब्रुकलिनचा पूल आज दीडशे वर्षांच्या घरात आला आहे आणि अजून वाहतो आहे. त्याच्या खर्चाची ओरड कधीच विरली. त्याचे मनोरे तेवढे लोकांस दिसतात. यावरून कोणी असे म्हणू नये की काम टिकाऊ झाले म्हणजे हिशेब माफ होतो. त्या पुलासाठी वीसाहून अधिक माणसे गेली व दोन शहरांच्या करदात्यांनी दुप्पट रक्कम भरली. खरा आकडा आधी सांगितला असता तर निदान भरणाऱ्यांस आपण काय भरतो आहोत हे ठाऊक असते. आपल्या वखारीच्या बाबतीत एवढे तरी साधावे. सभासदांस मोठा आकडा ऐकवण्यास आपण संकोचू नये. लहान आकडा ऐकवून मागाहून तोंड चुकविण्याची वेळ मात्र येऊ देऊ नये.